पदवी घ्यायची की थेट कलेत उतरायचं? ठरवण्याआधी करायची कामं

"मला चित्रंच काढायची आहेत, मग चार वर्षं विद्यापीठात कशाला घालवू?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. कधी विचारणारा गायक असतो, कधी लेखक, कधी ॲनिमेशनचं वेड लागलेली मुलगी. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. पदवीधर सहकाऱ्यांबरोबर काम केलंय आणि शाळेनंतर वर्गात पाऊलही न टाकलेल्यांबरोबरही. दोन्हीकडे उत्तम काम करणारे आहेत आणि दोन्हीकडे दहा वर्षांनी हळहळणारेही. हळहळणाऱ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. निर्णय घेतला तेव्हा त्यांच्या हातात पूर्ण झालेलं असं काम जवळजवळ नव्हतं. आवड होती, कौतुक होतं, अर्धवट वह्या होत्या. त्या भरवशावर कुणी कर्ज काढलं, कुणी मिळालेला प्रवेश सोडला.

म्हणून आधी काम करून बघा आणि मग ठरवा, असं माझं म्हणणं आहे. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगते.

पायरी १: कामाचं नाव लिहा

"क्रिएटिव्ह क्षेत्रात जायचंय" या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. कागदावर नेमकं काम लिहा: लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं, माहितीपटांचं संकलन, वाद्यवृंदात व्हायोलिन, व्हिडिओ गेमसाठी पात्रांची रचना. प्रत्येक कामाच्या दारावरचा पहारेकरी वेगळा असतो.

वास्तुकलेत तो पहारेकरी म्हणजे कायदा. बहुतेक देशांत आर्किटेक्ट म्हणून काम करायला नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी साधारणपणे मान्यताप्राप्त शिक्षण लागतं. इथे जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांचं नाव हमखास निघतं. तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेले आंदो वास्तुकला स्वतःच शिकले आणि १९९५ मध्ये त्यांना वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं. हे खरं आहे. पण पदवीशिवाय त्या उंचीवर पोचलेली नावं फार थोडी आहेत, आणि तुमच्या देशाचा नोंदणीचा नियम आंदोंकडे बघून बदलत नाही.

वाद्यवृंदाचं दार वेगळं आहे. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या अनेक वाद्यवृंदांनी उमेदवाराला पडद्याआड बसवून ऐकायला सुरुवात केली. समोर कोण आहे हे परीक्षकांना दिसत नाही, फक्त वादन ऐकू येतं. पडद्यामागे पदवीचा कागद उपयोगाचा नाही. तरी त्या पातळीचं वाजवणारे बहुतेक जण वर्षानुवर्षं एखाद्या कडक शिक्षकाच्या हाताखालून गेलेले असतात. कागद न मागणारं क्षेत्र शिक्षणही मागत नाही, असा अर्थ काढू नका.

चित्र, डिझाइन, ॲनिमेशन यांत पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, बघतात. चित्रपटाच्या सेटवर आधी कुणाच्या हाताखाली काम केलंय हे विचारतात. लेखकाचं हस्तलिखित वाचतात. दुसऱ्या टोकाला शाळा-महाविद्यालयात शिकवणं, संग्रहालयात काम करणं, जुन्या चित्रांचं जतन करणं ही कामं आहेत. जतनाच्या कामात तर रसायनशास्त्र लागतं आणि तिथे पदवीविना शिरणं फार अवघड. वीस वर्षांनी आपण शिकवूही, असा विचार मनाच्या कोपऱ्यात असेल तर तोही त्याच कागदावर लिहा.

परदेशी जाऊन काम करायचं असेल तर व्हिसाचे नियम आजच वाचा. अमेरिकेच्या नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो आणि तो मोजताना शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी कामाची तीन वर्षं धरतात. कलावंतांसाठीच्या ओ-वन व्हिसाला पदवीची अट नाही, मात्र पुरस्कार, समीक्षा, मोठी कामं असे नावलौकिकाचे पुरावे जोडावे लागतात. नवख्याकडे ते नसतात.

आता तुमचं नेमकं काम करणारी दहा माणसं शोधा. तुमच्या पुढे पाचच वर्षं असलेली निवडा, नावाजलेली नकोत. तीस वर्षांपूर्वी जी दारं होती त्यातली कित्येक आज बुजली आहेत. ते दहा जण पहिल्या कामापर्यंत कसे पोचले ते शोधा आणि जमेल तितक्यांना विचारा. दहातल्या आठांकडे पदवी असेल तर ती कुठे उपयोगी पडली, हा पुढचा प्रश्न.

पायरी २: पदवीचे तुकडे करा

विद्यापीठ पाच गोष्टी एकत्र बांधून विकतं: मोकळा वेळ, चूक दाखवणारा शिक्षक, सोबती, साधनं आणि शिक्का. गठ्ठा सोडा आणि एकेक गोष्ट हातात घेऊन बघा. ही मला नवी मिळणार आहे की माझ्याकडे आधीच आहे? दुसरीकडे मिळेल का?

शिक्षकाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण स्वतःच शिकणारे इथेच सगळ्यात जास्त फसतात. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटातल्या वादकांचा विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या वर एकट्याने सराव झालेला होता. लोकांच्या लक्षात आकडाच राहिला. पण ते वादक शिक्षकांच्या देखरेखीखाली वाढलेले होते, आणि एरिक्सन यांचा भर होता तो नेमकी उणीव हेरून, तेवढीच सुधारण्यासाठी केलेल्या सरावावर. तीच चूक दहा हजार तास घोटली तर ती चूक पक्की होते. मी दोन वर्षं हात चुकीचे काढत होते. घरचे, मित्र, सगळे वाहवा करत. एका ज्येष्ठ चित्रकाराने मनगटावर बोट ठेवून सांगितलं, "इथे हाड आहे, ते तुझ्या चित्रात नाही." ते एक वाक्य मला दोन वर्षं आधी मिळायला हवं होतं.

तर स्वतःला विचारा: माझ्या कामातली चूक नेमक्या शब्दांत सांगणारं कोण आहे? कुणीच नसेल तर पदवीच्या पारड्यात मोठं वजन पडलं असं समजा.

सोबत्यांचंही तसंच. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस १९४४ मध्ये ज्युलियार्ड या संगीतसंस्थेत शिकायला म्हणून न्यूयॉर्कला आले, आल्या आल्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या शोधाला लागले, जॅझ क्लबांत त्याच्याबरोबर वाजवू लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ज्युलियार्ड सोडलं. प्रवेशामुळे ते योग्य शहरात पोचले, योग्य माणसांजवळ पोचले. अनेक नामांकित संस्थांचं खरं मोल या जवळिकीत असतं. आजूबाजूला तुमच्यापेक्षा सरस, तुमच्याच वयाची, त्याच कामाने झपाटलेली चार माणसं असतील तर वर्गाबाहेरही तुमची वाढ होईल. ती चार माणसं नसतील तर ती कुठे भेटतील याचा विचार फीच्या आधी करा.

साधनांचं थोडक्यात: चित्रकाराला कागद पुरतो, शिल्पकाराला भट्टी आणि ओतशाळा लागते. लेखकाला ग्रंथालय लागतं आणि ते बहुधा विद्यापीठाबाहेरही मिळतं.

पायरी ३: सहा महिन्यांची चाचणी

वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू केली. तिथे नव्या विद्यार्थ्याला थेट कार्यशाळेत घेत नसत. आधी पायाभूत वर्ग, सुरुवातीला सहा महिन्यांचा: रंग, आकार, लाकूड, धातू, कापड यांच्याशी झटापट. तो पार पडला की मग कार्यशाळा. ही पद्धत घरी वापरता येते आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही.

शाळा किंवा नोकरी चालू ठेवा. आठवड्याचे दहा तास ठरवा आणि ते कॅलेंडरवर लिहा. सहा महिन्यांत तीन कामं पूर्ण करा. पूर्ण म्हणजे दुसऱ्याच्या हातात देता येईल इतकं: शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेली कथा, आवाजासकट जुळवलेला पाच मिनिटांचा लघुपट, सोळा पानांचं चित्रपुस्तक. यातलं एक काम तरी दुसऱ्या कुणाच्या गरजेसाठी असू द्या, ठरलेल्या तारखेसह आणि शक्य असेल तर थोड्या का होईना पण मोबदल्यावर. स्वतःसाठी काढलेलं चित्र आणि "मला निळा आवडत नाही, परत काढा" असं ऐकून काढलेलं चित्र, यांत किती अंतर आहे ते तेव्हाच कळतं.

सोबत एक वही ठेवा. रोज दोन ओळी लिहा: आज काय केलं आणि काय टाळलं. टाळलेल्याच्या ओळी जास्त बोलतात. प्रत्येक कलेच्या पोटात एक कंटाळवाणं काम असतं आणि दिवसातला बराच वेळ ते खातं. संकलक तेच आठ सेकंद पंचवीसदा ऐकतो. ॲनिमेटर एका पावलाच्या हालचालीवर दिवस घालवतो. माझं म्हणाल तर मंजूर झालेलं चित्र चौथ्यांदा बदलण्यात माझे आठवडे जातात. तुमच्या कलेतला हा भाग तुम्हाला सोसवतो का? काही जणांना तोच भाग आवडतो. तशा माणसाची मला कधी काळजी वाटत नाही.

सहा महिन्यांनी तिन्ही कामं त्या क्षेत्रात पोट भरणाऱ्या तीन अनोळखी माणसांना दाखवा. "कसं वाटलं?" असं विचारलंत तर "छान" ऐकाल. "हे काम तुमच्याकडे आलं असतं तर काय बदलून मागितलं असतं?" असं विचारा.

तीनही कामं झाली, तिसरं पहिल्यापेक्षा उघड चांगलं झालं, कुणी दुसरं काम देऊ केलं: थेट उतरण्याच्या बाजूने हा भक्कम पुरावा. कामं झाली पण तीच उणीव तिघांनी दाखवली आणि ती कशी भरायची हे कळत नाही: तुम्हाला शिक्षक हवा आहे. एकही काम पूर्ण झालं नाही: आत्ता कुठलाच मोठा निर्णय घेऊ नका. यात लाजण्यासारखं काही नाही. कदाचित काम चुकीचं निवडलं असेल, कदाचित वेळ. पहिल्या पायरीवर जा, दुसरं नाव लिहा आणि परत सहा महिने द्या.

पायरी ४: पैशाचं गणित

पदवीची किंमत म्हणजे फी, अधिक राहण्याखाण्याचा खर्च, अधिक त्या वर्षांत न कमावलेला पैसा. थेट उतरण्याची किंमत म्हणजे कमाई स्थिर होईपर्यंतच्या महिन्यांचा खर्च. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी लिहा. बहुतेक जण पहिला लिहितात आणि दुसरा विसरतात.

थेट उतरणाऱ्याने हातातले पैसे महिन्यांत मोजावेत: जमा भागिले महिन्याचा किमान खर्च. सहा महिन्यांपेक्षा कमी निघाले तर नोकरी सोडू नका. भाड्याच्या धास्तीने घेतलेली कामं तुम्हाला हव्या त्या दिशेने क्वचितच नेतात. मोजताना हेही धरा की स्वतंत्र काम करणाऱ्याचा मोठा वेळ बिलं, पत्रं, पाठपुरावा यांत जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

कर्ज काढायचं असेल तर बहात्तरचा नियम पाठ करा: ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. नऊ टक्क्यांचं कर्ज फेडलंच नाही तर आठ वर्षांत दुप्पट. त्या पाच वर्षं पुढे असलेल्या दहा जणांची पहिल्या वर्षाची कमाई साधारण किती होती ते विचारा आणि हप्ता तिच्याशी ताडून बघा. माझं मत स्पष्ट आहे: ज्या कलेचं दार पदवी मागत नाही तिच्या पदवीसाठी मोठं कर्ज काढू नये. शिष्यवृत्ती मिळाली, फी कमी असली, तर गोष्ट वेगळी. कर्जाचा हप्ता कलावंताची पहिली वर्षं गिळतो. नेमकी तीच वर्षं कमी पैशात चांगलं काम निवडण्याची असतात.

पायरी ५: मधला रस्ता तपासा

दोनच वाटा आहेत असं धरून लोक भांडत बसतात. रशियन कथाकार चेकॉव्ह १८८४ मध्ये डॉक्टर झाले आणि शिकतानाच मासिकांसाठी लिहून घर चालवत होते. कथा-कादंबरीकार काफ्कांनी १९०६ मध्ये कायद्याची डॉक्टरेट घेतली आणि पुढे कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत नोकरी धरली, कारण तिथून दुपारी दोनला सुटका होई. सत्यजित राय यांनी अर्थशास्त्राची पदवी घेतली, शांतिनिकेतनातलं कलाशिक्षण अर्धवट सोडलं आणि १९४३ मध्ये जाहिरात संस्थेत लागले. तिथे मांडणी, अक्षरं, दृश्याची काटकसर यांवर हात बसला. पहिल्या चित्रपटाचं काम नोकरी सांभाळून सुट्यांमध्ये सुरू केलं. तो पडद्यावर यायला १९५५ उजाडलं.

फिलिप ग्लास यांचं उदाहरण मी पदवीवर फार भिस्त ठेवणाऱ्यांना सांगते. ज्युलियार्डमधून रीतसर शिकलेला हा संगीतकार नळजोडणीची कामं करायचा, टॅक्सी चालवायचा. १९७६ मध्ये त्यांची संगीतिका न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाली आणि त्यानंतरही ते टॅक्सीकडे परतले. वयाच्या चाळिशीनंतर कुठे केवळ संगीतावर घर चालू लागलं.

पोटासाठीची नोकरी निवडताना ती तुमच्यातलं काय थकवते ते बघा. दिवसभर मजकूर लिहिणाऱ्याला रात्री कादंबरी लिहिणं जड जातं. दिवसभर उभं राहणाऱ्याला नृत्याचा सराव. पगार थोडा कमी पण वेळ ठरलेली आणि डोकं मोकळं ठेवणारी नोकरी कलावंताला जास्त मानवते.

पायरी ६: कुठलं दार कायमचं बंद होतं?

शास्त्रीय बॅले, वाद्यवादन यांत शरीराचं वय बघावं लागतं. ही वर्षं परत येत नाहीत. लेखनाला, चित्राला तशी घाई नाही: व्हॅन गॉग यांनी १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचं ठरवलं. पदवीही नंतर घेता येते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी सोडलेली पदवी २००२ मध्ये पूर्ण केली.

प्रवेश मिळाला असेल आणि मन होत नसेल तर तो एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विद्यापीठाला लेखी विचारा. अनेक ठिकाणी येतो. चाचणीसाठी याहून चांगली सोय नाही. प्रवेश नाकारला गेला असेल तर त्याला तुमच्या कलेवरचा निकाल समजू नका. फ्रेंच शिल्पकार रोदँ यांना पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेने तीनदा नाकारलं. पुढची जवळपास दोन दशकं त्यांनी इमारतींची नक्षी, सजावटीची शिल्पं अशी कारागिरी करून पोट भरलं आणि त्यातच हात तयार झाला.

पायरी ७: जे निवडलं ते नीट चालवा

विद्यापीठ निवडलंत तर अर्ज करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. शिकवणारे आज स्वतः काम करतात का? आठवड्यात हातात साधन घेऊन किती तास? विद्यार्थ्याने तिथे केलेल्या कामाचे हक्क कुणाकडे? नियमपुस्तिकेतलं ते कलम वाचाच. तिथून मध्येच बाहेर पडलेल्या एकदोघांशीही बोला, माहितीपत्रकात ते सापडणार नाहीत. प्रवेश मिळाल्यावर दर सत्रात एक काम अभ्यासक्रमाबाहेरचं, स्वतःचं, पूर्ण करा. पदवी हातात येते तेव्हा पोर्टफोलिओत फक्त गृहपाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत. ती हुशार असतात आणि एकमेकांसारखी दिसतात.

थेट उतरलात तर शाळा तुम्हालाच बांधायची आहे. आंदोंनी हेच केलं: वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं मिळवून ती स्वतः वाचून काढली, जुन्या-नव्या इमारती प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या. तुमच्या विषयाच्या दोनतीन चांगल्या संस्थांचे अभ्यासक्रम मिळवा आणि त्यावरून आपलं वेळापत्रक बनवा. न आवडणारे विषय गाळू नका, शरीररचना, ताल, व्याकरण यांना बगल दिली की ते पुढे रस्ता अडवतात. महिन्यातून एकदा काम तपासणारं माणूस ठरवा, गरज पडली तर पैसे देऊन.

आणि पहिल्या कामापासून करार लेखी घ्या. बर्न करारात, म्हणजे १८८६ पासूनच्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात असलेल्या देशांत तुमच्या कृतीचा हक्क ती तयार होताच तुमचा असतो, नोंदणीची अट नसते, आणि सर्वसाधारण नियमाने तो निदान मृत्यूनंतर पन्नास वर्षं टिकतो. नवखे लोक तो एका सहीने देऊन टाकतात. वापर कुठे, किती काळ, आगाऊ रक्कम किती, बदल किती वेळा, एवढं तरी कागदावर असू द्या. माझं पहिलं चित्र मी न वाचता सही करून दिलं आणि पुढे ते तीन ठिकाणी छापून आलं, एका रकमेत.

पायरी ८: घरच्यांसाठी एक पान

घरी वाद होतो तो बहुधा कलेवरून नसतो. पुढे काय, किती दिवस, पैसा कुठून, या प्रश्नांना उत्तर मिळत नाही म्हणून आवाज चढतात. आईवडिलांची भीती खरी असते, तिला उत्तर द्या. एका पानावर लिहा: कामाचं नाव, पूर्ण झालेली तीन कामं, तीन जाणकारांनी काय सांगितलं, हातात किती महिन्यांचे पैसे आहेत, आणि एक तारीख. साधारण अठरा महिन्यांनंतरची ठेवा. त्या दिवशी काय दिसलं तर पुढे जायचं आणि काय दिसलं तर वाट बदलायची, हे आजच लिहा: इतकी सशुल्क कामं, महिन्याच्या खर्चाचा इतका हिस्सा कलेतून. पदवी निवडली तरी हे पान लिहा, दुसऱ्या वर्षाअखेरची तारीख घालून.

पान मोठ्याने वाचून दाखवा, त्यांना त्यात बदल सुचवू द्या आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.